शंभरातला एक माग

पॉप्लरच्या झाडांचा कापूस बिश्केक शहरभर उडत होता, तेव्हाची गोष्ट. अजूनही जूनमध्ये तो खिडकीतून आत आला, की बेगिमायला ते दिवस आठवतात... आणि हातातलं काम तसंच राहतं.

जेवण घरपोच करणाऱ्या एका कंपनीत ती देखरेखीचे स्क्रीन सांभाळायची. ऑर्डर कुठून निघाली, कुठे अडकली, याचा माग, म्हणजे एकेक नोंद, प्रत्येक प्रोग्रॅम तिच्याकडे पाठवायचा. एका दुपारी इतके माग येऊन कोसळले, की तिची यंत्रणाच आडवी झाली. ती तणतणत वरच्या मजल्यावर गेली.

"पेमेंटचा प्रोग्रॅम कोणाचा?"

"माझा," खिडकीपाशी सामसा खात बसलेला एल्दियार म्हणाला. तो नवीनच लागला होता. "काय केलं मी?"

"एकूणएक माग पाठवलास. अख्खं गाव आणून सोडलंस माझ्या दारात."

"थोडे पाठवले असते, तर तू वर आली असतीस?"

तिने हसू ओठांतच दाबलं. संध्याकाळी आपल्या बाजूने गाळणी लावली – शंभरातला एक माग ठेवायचा, बाकीचे टाकायचे. त्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

मग उन्हाळाभर काहीतरी निमित्त काढून तो खाली यायचा. दोघं चहा प्यायची, भांडायची. ऑगस्टमध्ये एकाएकी त्याचं येणं थांबलं. अल्मातीला नोकरी धरली, हे तिला तिसऱ्याकडून कळलं. फार लागलं तिला ते.

शेवटच्या दिवशी तिने त्याला जिन्यात गाठलं. "जातोयस, एवढं सांगावंसंही वाटलं नाही?"

"तू तरी कुठे उत्तर दिलंस?"

"कशाचं?"

तो घुटमळला. "चाचणीची ऑर्डर पाठवली होती. तिच्या मागाला चिठ्ठी जोडून... तुझ्या नावाने. म्हटलं, रोज बघतेस, दिसेलच."

"एकदाच पाठवलीस?"

"असलं काय दहादा विचारतात?"

ती मटकन पायरीवर बसली. "अरे शहाण्या, शंभरातला एकच ठेवते मी. तुझी चिठ्ठी मीच फेकली असणार."

एल्दियार दोन पायऱ्या उतरून तिच्यासमोर आला.

"काय लिहिलं होतंस?"

"आता काय उपयोग... सकाळी गाडी आहे."

"सकाळी आहे ना? मग बस इथे, आणि तोंडाने सांग."

तो शेजारी बसला. कान लाल झाले होते त्याचे. "माझ्याशी लग्न करशील का – एवढंच."

"करीन," ती म्हणाली.

"मग आईला आणायला हवं. लग्न ठरलं, की डूल तिनेच घालायचे असतात तुझ्या कानांत."

"तर मग जा की."

सकाळी अल्मातीची गाडी त्याच्याशिवायच सुटली. एल्दियार आपल्या गावी, नारीनला जाणाऱ्या गाडीत बसला होता, आईला आणायला.