जालन्याच्या पल्याड

प्रियदर्शनीनं गाडी सुरू केली, आरसा नीट केला... आणि आरशात तिला एक झोपाळू चेहरा दिसला.

"अगं बाई!"

"घाबरू नका ओ मॅडम," मागच्या सीटवरचा तरुण धडपडत उठून बसला. "मी कल्याण. कचरूकाकाची गाडी तुमाला द्यायला आल्तो. तुमाला उशीर झाला, मंग लागला डोळा."

बदनापूर स्टेशनसमोर नोव्हेंबरातलं कोवळं ऊन पडलं होतं. प्रियदर्शनी मूळची चिपळूणची. इथल्या कृषी संशोधन केंद्रात तुरीवर काम करायला येऊन तिला चार महिने झाले होते. या चार महिन्यांत तिनं क्वार्टर, प्रयोगशाळा आणि जालन्याचा बाजार, एवढंच पाहिलं होतं. आज मात्र हट्टानं गाडी भाड्यानं घेतली होती. स्वतः चालवायची, एकटीनं.

तिनं आधी गाडीमालक कचरूकाकांना फोन लावला. "पुतण्या हाय माझा," ते म्हणाले. "आष्टीला शेती करतो, मधून माझी भाडीबी मारतो. बिनघोर राहा."

"जालना बघून झालंय माझं," तिनं कल्याणला बजावलं. "मला त्याच्या पुढं जायचंय."

"जालना तर राजधानी झाली. देश पुढंच हाय," तो हसला. "मला आष्टीला सोडा, मी रस्ता दाखवतो. फक्त क्लच जरा हळू सोडा... गाडी रडून राह्यली."

ती रागावणार होती. पण हसूच आलं.

अंबड मागं पडलं आणि तिनं एकाएकी गाडी कडेला घेतली. खाली उतरली, गर्रकन एक गिरकी घेतली. तिच्या गावी आभाळ तुकड्या-तुकड्यानं दिसायचं, दोन डोंगरांमध्ये, नाहीतर माडांच्या फटीतून. इथं ते काळ्या जमिनीला चारी बाजूंनी टेकलं होतं. मध्ये काही नाही.

"काय झालं?" कल्याण धावत आला.

"एवढं... एवढं मोठं असतं?"

त्यानं वर पाहिलं. मग तिच्याकडं. "रोज बघतो, पण बघितलंच नव्हतं बघा."

तीर्थपुरीच्या अलीकडं तूर फुलली होती, नजर पोचेल तिथवर पिवळी. ती वेड्यासारखी बांधावरून चालत सुटली. कल्याणनं एक सुकलेलं झाड उपटलं, खोड उभं चिरलं. आत काळपट रेघ होती.

"ही मर. तुमच्या बाटल्यांत हिचा इलाज सापडला का?"

"अजून नाही," ती हळू आवाजात म्हणाली. मर रोगावरच तर तिचं काम होतं. पण असं उभं पीक जळताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा गाडी मागवली. त्याच्याही पुढच्या. कल्याणच घेऊन यायचा. एकदा परतूरच्या रस्त्यावर त्यानं अचानक तिच्या हातावर हात ठेवला. "थांबा... बिलकुल आवाज करू नका." समोरून काळवीट उडालं, पाठोपाठ सारा कळप. एकेक उडी हवेत तरंगून राहायची. शेवटचं पाडस दिसेनासं झालं, तरी त्याचा हात तिथंच होता... दोघांनाही उशिरा कळलं.

आठव्या रविवारी गोदावरीकाठी बसले असताना तिचा फोन वाजला. ईमेल होती. कोकणातल्या जागेसाठी, इथं आल्या आल्या वैतागून अर्ज केला होता तिनं. निवड झाली होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

तिनं त्याला वाचून दाखवली. त्यानं एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"जा तुमी. आईजवळ राहाल."

"बस? एवढंच?"

"मंग काय म्हणू?"

"खरं असेल ते म्हण."

पहिल्यांदाच ती 'तू'वर आली होती. कल्याणनं मान वर केली.

"खरं हे, की रविवारी मी दुसरं भाडंच घेत न्हाई. आईनं दोन स्थळं बघितली, मी न्हाई म्हणलो. पण तुला अडवायचा हक मला न्हाई, प्रियदर्शनी. तू शिकलेली... तुझं काम मोठं हाय."

"माझं काम इथं आहे," ती म्हणाली. "चिरलेल्या खोडात बघितलं ना, तेव्हाच कळलं मला. ते तुझ्यामुळं नाही. पण इथं घर करावंसं वाटतंय... ते तुझ्यामुळं."

तेवढ्यात आभाळात कलकलाट उठला. करकोच्यांचे थवेच्या थवे नदीपलीकडून आले, शेकडोंनी, आणि वाळूच्या पट्ट्यावर उतरू लागले. राखाडी पंखांनी पाणी झाकून गेलं. दोघं उठून उभे राहिले.

प्रियदर्शनीनं डोळे पुसले आणि घरी फोन लावला.

"आई, ती नोकरी मी घेत नाहीये. हो, नीट विचार केलाय. इथलं काम सोडवत नाही... आणि एक माणूस आहे." पलीकडून प्रश्न सुरू झाले. "थांब, तूच बोल त्याच्याशी."

"अगं... मी काय बोलू?" कल्याण दोन पावलं मागं सरकला. तिनं फोन त्याच्या हातात कोंबला.

"हॅलो?" चिपळूणहून आवाज आला. "कोण बोलतंय? आणि एवढा गलका कसला हो तिकडे?"

कल्याणनं एकदा पक्ष्यांकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"नमस्कार... आई," तो म्हणाला.