साठ नंबरच्या रस्त्यावरची वीतभर जागा

"त्या क्रूसाला हात लावलात तर बघा," गाडीतून उतरता उतरताच मी ओरडले.

दातिल आणि मॅग्डालेना या गावांच्या मधल्या त्या सपाटीवर पाऊस भुरभुरत होता. रस्त्याच्या कामावरचा तो माणूस टोपी काढून क्रूसापुढे गुडघे टेकून बसला होता.

"हलवावा तर लागणार, बाई. साठ नंबरचा रस्ता रुंद होतोय... म्हणून आधी याची परवानगी मागत होतो."

"मग? दिली?"

"गप्प आहे. तुमच्यावर सोडलंय वाटतं."

मला हसू आलं. माझा नवरा एलॉय त्याच जागी अपघातात गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. रस्त्यात माणूस गेला की आमच्याकडे तिथेच क्रूस रोवतात. दर रविवारी मी फुलं घेऊन येत होते, पण तिथे हसले नव्हते कधी.

त्याचं नाव तोबियास. त्याने क्रूस वीस पावलं मागे नेला, नव्याने रंगवला. मग मी रविवारी फुलांबरोबर पोळीत गुंडाळलेले हिरव्या मिरचीचे बरितोही नेऊ लागले.

"तिखट जरा कमीच आहे," तो म्हणायचा.

"मग डोळ्यांत पाणी कशाचं?"

"तुमच्याकडे बघितलं ना... त्याचं."

अशी गोड थट्टा चालायची, आणि मला तो आवडू लागला. खोटं कशाला बोलू?

एका रविवारी तो म्हणाला, "इथलं काम संपलं. फक्त रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचे राहिलेत. मग पार क्लोव्हिसला, राज्याच्या त्या टोकाला. डेल्फिना... येशील माझ्याबरोबर?"

मी मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं. डबा होता. फुलं नव्हती.

"आज मी फुलं विसरले, तोबियास. तुझ्या नादात विसरले."

"मी आणत जाईन तुला इथे. दर महिन्याला. शपथ घेतो."

"नको... मला स्वतःची लाज वाटते."

त्याने टोपी घातली, डबा पुसून माझ्या हातात दिला आणि तो गेला.

पुढच्या रविवारी रस्ता खुला झाला होता. कडेची पांढरी रेघ सरळ क्षितिजापर्यंत गेली होती. फक्त एका ठिकाणी वीतभर तुटलेली. मी क्रूसापासून पावलं मोजली. बरोबर वीस. एलॉय गेला त्या जागेवरून तोबियासने रंग नेला नव्हता.

अजूनही दर रविवारी जाते. फुलं क्रूसापाशी ठेवते. रडू मात्र त्या वीतभर जागेपाशी येतं, आणि ते एलॉयसाठी नसतं.