तीस सेकंद गप्प

आमची पहिली भेट कॉलेजच्या जिन्यात झाली, आणि तीही भांडणानं.

मी फोनवर आईशी बोलत धाडधाड खाली उतरत होते. वळणावर हा उभा. कानांवर हेडफोन, हातात उंच धरलेला माइक, डोळे मिटलेले. मी आदळलेच.

"झालं! घालवलीस शांतता."

"जिन्यात शांतता रेकॉर्ड करतोस? बरा आहेस ना?"

"होतो. आत्तापर्यंत."

पुढे पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला मॅडमनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, आणि माझ्या नशिबी नेमकं हेच ध्यान आलं! रेडिओसाठी आठ मिनिटांचा कार्यक्रम करायचा होता. सगळ्यांत चांगल्या जोडीला रेडिओ केंद्रात सहा महिने काम. मला ते हवंच होतं, कारण बाबांनी ठणकावलं होतं, "निकालापर्यंत काही जमलं नाही, तर मुकाट्यानं मामाच्या विमा ऑफिसात बसायचं."

मी विषय निवडला, घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा. प्रश्न मी विचारायचे, आवाज त्यानं सांभाळायचा. दुकानात चाळीसेक घड्याळं टिकटिकत असायची. बोलणं संपलं की हा बोट वर करायचा... तीस सेकंद कुणी हूं की चूं करायचं नाही! नुसती टिकटिक हवी, म्हणे. वाक्य कापलं की तिथे ती भरायची, नाहीतर ऐकताना ठेच लागते.

"कळलं?"

"कळलं रे. पण तीस सेकंद म्हणजे किती वे—"

"भोंगा!" तो कपाळावर हात मारायचा.

तीनदा गेलो, तिन्ही वेळा मी बोलले. काय करू? गप्प बसलं की पोटात दुखतं माझ्या! तो चिडायचा, आणि मग पिशवीतून कोमट पाण्याची बाटली काढून पुढे करायचा. "घे. घसा सांभाळ. उद्या भांडायला लागेल." मेलं हसूच यायचं मला.

मॅडमकडे कार्यक्रम द्यायची शेवटची वेळ संध्याकाळी पाचची. त्या दिवशी तीन वाजता हा स्टुडिओत डोकं धरून बसलेला.

"सलग तीस सेकंद कुठेच नाहीत. सगळीकडे तू आहेस."

माझ्या डोळ्यांसमोर मामाचं ऑफिस उभं राहिलं. धावत दुकान गाठलं. मी ओठ घट्ट मिटले, आजोबांनी हातातला चिमटा खाली ठेवला. त्यानं बोट वर केलं. वीस... पंचवीस... अठ्ठावीस—

"तू गप्प असलीस की मला करमतच नाही गं," तो म्हणाला.

आजोबा खो खो हसायला लागले.

"अरे माठ्या!" मी किंचाळले. "अठ्ठावीस सेकंद झाले होते! दर वेळी मला ओरडतोस, आणि आजच तोंड उघडायचं होतं?"

"सॉरी... निघून गेलं तोंडातून."

"घे पुन्हा!"

पुन्हा बोट वर. त्याचे कान लालबुंद, नजर माइकवर. तीस सेकंद फार मोठे असतात हो. इतके, की हा माणूस मला कधीपासून आवडतोय, ते तेवढ्यात नीट आठवता आलं. पाण्याच्या पहिल्या बाटलीपासून! आणि मी चक्क गप्प राहिले.

पाच वाजायला सात मिनिटं असताना आम्ही कार्यक्रम दिला.

आठवड्यानं मॅडमनी वर्गात सांगितलं, "टिकटिक कुठेच तुटली नाही," आणि रेडिओ केंद्राच्या कागदावरून आम्हा दोघांची नावं वाचली. मी जिन्यातूनच बाबांना फोन केला. खाली वळणावर हा उभाच.

"आठवडाभर जगातल्या सगळ्या विषयांवर बोललीस," तो म्हणाला. "त्या एका सोडून..."

मी बोट वर केलं. "तीस सेकंद. गप्प उभा राहा."

तो राहिला. अगदी शहाण्यासारखा, डोळे मिटून. मला मात्र राहवेना.

"हो रे बाबा, हो! मलाही नाही करमत!"

जेमतेम नऊ सेकंद झाले होते.