थांबवल्याची वेळ

रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांना मी नवजात बाळाचा श्वास सुरू करायला शिकवतो. खोलीत लांब टेबल, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि पेटीत झोपवलेलं रबरी बाहुलं. त्या सकाळी फक्त एकीची फेरपरीक्षा होती. नापास झाली असती, तर तिला गाडीवरून काढून फोनवर बसवणार होते.

तीन आठवड्यांपूर्वी वाटेत जन्मलेलं एक बाळ तिच्या हातात दगावलं. फोनवर सल्ला देणारा डॉक्टर मीच होतो. विसाव्या मिनिटाला मी "थांबवा" म्हणालो, ती थांबली. त्यानंतरच्या परीक्षेत मात्र सांगूनही तिचे हात थांबले नाहीत. मी तिला नापास केलं.

वेळा लिहायला तिच्या गाडीचा ड्रायव्हर बसला होता. त्याला सगळे मामा म्हणतात.

"ताई, आज सिग्नल तोडायचा नाही हं."

"तोडता तुम्ही, मामा. शिव्या मी खाते."

तिने बाहुलं टॉवेलने खसखसून पुसलं, मान सरळ केली, तोंडावर मास्क बसवला आणि त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबू लागली. "श्वास, दोन, तीन. श्वास, दोन, तीन." फुगा दाबला की छाती वर येत होती, सोडला की खाली. चुकीला जागा नव्हती.

बाजूला टाकलेला टॉवेल मी उचलला. ओला होता. मी छताकडे पाहिलं. छत कोरडं.

"साहेब, हे बाहुलं गार नाही लागत," ती हात न थांबवता म्हणाली.

"आधीच्या बॅचने हाताळलंय."

त्या दिवशी आधीची बॅच नव्हतीच, हे मला नंतर आठवलं.

"वीस मिनिटं झाली असं धरा," मी म्हणालो. "ठोके नाहीत. थांबवा."

ती थांबली. मास्क काढला, दोन्ही हात वर धरले.

छाती वर आली. खाली गेली.

श्वास, दोन, तीन.

मामाचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं.

"तुम्ही सांगितलंत म्हणून थांबले, साहेब," ती हळूच म्हणाली. "दोन्ही वेळा."

मी बाहुल्याच्या छातीचं झाकण काढलं. आतली प्लास्टिकची पिशवी उपसून टेबलावर ठेवली. ती चपटी पडली. छातीही स्थिर झाली.

"पास," मी म्हणालो आणि सही केली.

"साहेब, थांबवल्याची वेळ काय लिहू?" मामाने विचारलं.

"राहू दे. मी लिहितो."

चार वाजता पिशवी परत बसवायला मी पेटी उघडली. पेटीच्या झाकणाला आतून, बाहुल्याच्या तोंडाच्या बरोबर वर, रुपयाएवढी वाफ धरली होती. बाहीने पुसली. झाकण लावून तीनपर्यंत मोजलं आणि पुन्हा उघडलं. वाफ पुन्हा धरली होती.

थांबवल्याच्या वेळेचा रकाना अजून कोरा आहे. ती पेटी मी आता बंद करत नाही.