काका, या एकदा यिशुनला

किती दिवसांची ट्रिप म्हणालात? चार. हॉटेल नको, कुणाच्या तरी घरी चटई टाकून झोपायचं, बोटीत बसायचं, धबधबा बघायचा आणि मंगळवारी सकाळी डोळे चोळत ऑफिसात हजर. ‘सो चीप लाह, काका!’ म्हणे. ऋता, तुझे आईबाबा समोरच्या फ्लॅटमध्ये घोरतायत, त्यांना विचारलंयस का? नाही ना? मग गप ऐक. तन्मय, तो फोन पालथा ठेव आधी.

जाऊ नका असं हा निशिकांत म्हणत नाही. फिलिपिन्स सुंदर आहे, माणसं मायाळू आहेत. फक्त तिथे कुणाचा निरोप घेताना जरा तोंड सांभाळा. हसू नकोस. प्रबोध इथे सिंगापुरात, तुआसच्या जहाजांच्या यार्डात सात वर्षं माझ्या हाताखाली होता. गप्पा मारणारा माणूस नव्हता तो, वेल्डिंगचे रिपोर्ट लिहिणारा माणूस. त्याने मला हे दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा एका शब्दाचा फरक नव्हता. शेवटचं तर मी स्वतः पाहिलंय.

२०२४ साल. नॅशनल डेचा लाँग वीकेंड. प्रबोध, त्याचा रूममेट धवल आणि प्रबोधचा धाकटा भाऊ राजस असे तिघं निघाले. राजस तेवीस वर्षांचा, पुण्याहून येऊन जेमतेम दोन महिने झालेले, पहिलीच नोकरी. वडील लवकर गेले, त्यामुळे त्या पोराला प्रबोधनेच वाढवलं म्हणायला हरकत नाही. शाळेत सोडणं, फी भरणं, कान पिळणं, सगळं यानेच केलं. राजस सिंगापूरला यायला निघाला तेव्हा विमानतळावर आईने त्याचा हात याच्या हातात दिला आणि म्हणाली, “हा तुझ्या भरवशावर. जसा नेतोयस तसा परत आण.” एवढंच. बाईने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

सेबूला उतरले, मग पाच तास बस, मग होडी, मग मोटरसायकलला जोडलेली ती डबडा रिक्षा. समुद्रकाठचं एक छोटं गाव. नाव सांगणार नाही, नाहीतर तुम्ही मुद्दाम तिथेच जाल. शनिवार, १० ऑगस्ट. रात्री साडेआठला तिघं होमस्टेमधून बाहेर पडले. काम काय, तर प्यायचं पाणी आणि डासांच्या कॉइल आणायच्या.

दुकान बंद. पुढे रस्त्यावर काळोख. मात्र नारळीच्या मागे एका घरापुढे मांडव घातलेला, पांढऱ्या ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या. लोक पत्ते कुटतायत, पोरं पळतायत, एक बाई कॉफी वाटतेय. आत दारातून पांढरे पडदे आणि फुलांची रास दिसत होती.

धवल म्हणाला, “लग्न आहे रे कुणाचं तरी.”

“आगंतुक कसं जायचं?” प्रबोध म्हणाला. तोवर त्या बाईने हाताला धरून तिघांना बसवलंसुद्धा. शेवया आल्या, बिस्किटं आली, कॉफी आली. धवलने तर दोनदा शेवया घेतल्या. बजेट ट्रिप ना! रात्रीचं जेवण फुकटात सुटलं म्हणून स्वारी खूश. तिघांपैकी एकानेही विचारलं नाही, की बाबा रे, कार्य कसलं आहे?

दाराजवळ एक म्हातारा एकटाच बसला होता. अंगात भरतकाम केलेला पांढरा स्वच्छ सदरा, गळ्याशी घट्ट रुमाल, आणि पाय अनवाणी. त्याला कुणी विचारत नव्हतं. पोरं त्याच्या अंगावरून गेल्यासारखी पळत होती. प्रबोधला ते बघवेना. आपली घरं तशीच ना. म्हातारं माणूस उपाशी बसलंय आणि आपण ओरपतोय, हे घशाखाली उतरत नाही. त्याने एक बशी भरली आणि म्हाताऱ्यापुढे धरली. “काका, घ्या ना. थोडं तरी.”

म्हाताऱ्याने घेतलं नाही. पण मान वर करून बघितलं. प्रबोध मला म्हणाला, “सर, इतक्या कृतज्ञतेने कुणी बघितलेलं नाही माझ्याकडे. आई सोडून.”

निघताना काय करतो आपण? सांग तन्मय. ‘जातो’ म्हणतो का? जिभेला वळणच नाही ते. प्रबोधने हात जोडले. “येतो हं, काका. आणि तुम्हीसुद्धा या एकदा आमच्याकडे. सिंगापूर, यिशुन. नक्की या.” म्हाताऱ्याला समजावं म्हणून हेच सगळं इंग्रजीतही सांगितलं. अरे, आपण दिवसातून दहा जणांना ‘या घरी’ म्हणतो. कोण येतं? आलं तर आपलीच तारांबळ उडेल. पण म्हणतो.

आणि मग राजसच्या पाठीत एक चापट मारून म्हणाला, “अरे, पाया पड की. वडीलधारे आहेत.”

राजस वाकला. म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

परतताना राजस म्हणाला, “दादा, पाय बर्फासारखे होते रे.” प्रबोध म्हणाला, “वयाने होतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी होमस्टेची मालकीण अंडी तळत होती. तिने विचारलं, “सर, काल तुम्ही रिकाम्या खुर्चीला नमस्कार का करत होता?”

प्रबोध हसला. “रिकामी कशाने? ते काका होते ना, पांढऱ्या सदऱ्यातले.”

तिने गॅस बंद केला. फोन काढला, एक फोटो दाखवला. तेच तोंड. तिच्या नात्यातला. चार दिवसांपूर्वी रोजच्या बैठकीतल्या तिघा मित्रांनी दारू पिता पिता त्याला कोयत्याने तोडला होता. तिघंही फरार. काल ते लग्न नव्हतं, मयत होतं. त्यांच्याकडे शवपेटी घरात ठेवून रात्र रात्र जागवतात, पत्ते खेळतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला खाऊ घालतात. फुलांच्या राशीमागे तो पेटीत होता, तोच सदरा घालून.

“तुम्ही त्याला काय म्हणालात?” तिने विचारलं.

याने सांगितलं. ती तिथेच पायरीवर मटकन बसली. म्हणाली, “आज त्याला पुरतील. आजपासून नऊ रात्री तो घरात असतो. नवव्या रात्री निघतो. ज्याला कुठेच बोलावणं नाही, तो वर जातो. त्याला तुम्ही बोलावलंत. आता निरोपही तुम्हीच द्यायचा, दुसऱ्या कुणाचा चालणार नाही. आणि सर, तुम्ही तिघं मित्र होतात...”

आणि ती उठून आत गेली.

प्रबोधने राजसला यातलं अक्षर सांगितलं नाही. पोरगं धबधब्यात उड्या मारत होतं, त्याची मजा कशाला घालवायची? सिंगापूरला आल्यावर मात्र तो कॅलेंडरवर बोट ठेवून रात्री मोजत बसायचा. नववी येत होती सोमवारी, १९ ऑगस्टला. राखीपौर्णिमा. इथे चिनी लोकांचा सातवा महिना, भुतांचा महिना चालू, यिशुनच्या प्रत्येक ब्लॉकखाली मेलेल्यांसाठी कागद जळत होते.

त्या दिवशी चार वाजता तो माझ्याकडे आला. “सर, आज लवकर सोडा. घरी पाहुणे यायचेत.”

मी म्हटलं, “कुठली बाई गटवलीस?” चेष्टा केली मी! जहाज गोदीत अडकलं होतं, क्लायंट डोक्यावर बसला होता. मी त्याला साडेनऊपर्यंत थांबवलं. मी. ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे माझी जीभ अडखळते, आणि अडखळायलाच हवी.

तुआसहून यिशुन म्हणजे बेटाचं दुसरं टोक. अकरा वाजून वीस मिनिटांनी तो सातव्या मजल्यावर पोचला. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नाही. बाहेरचं लोखंडी गेट सताड उघडं. कुलूप गेटलाच लटकत होतं. बंद.

आतून आवाज येत होता. भाजी चिरल्यासारखा. खट्. खट्. खट्.

प्रबोध आत धावला.

स्वयंपाकघरात राजस फरशीवर पडला होता आणि धवल त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. धवल म्हणजे झुरळ दिसलं तर कागदावर घेऊन खिडकीतून सोडणारा मुलगा. त्याच्या हातात मटण तोडायचा चॉपर होता. राजसचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिरलेले. ते हात त्याने गळ्यापुढे धरले होते म्हणून अजून जिवंत होता. धवल कसलीशी भाषा बोलत होता... तिकडची बिसाया असेल, काय असेल. मराठी नव्हती.

प्रबोधने मागून मिठी घातली. धवलने त्याला एका हाताने भिंतीवर फेकलं. साठ किलोचा धवल! ओट्याची कड बरगडीत घुसली. प्रबोध पुन्हा उठला, चॉपर धरायला गेला. पातंच हातात आलं. दोन बोटं गेली. कळलंच नाही त्याला, नुसतं ओलं लागलं.

“दादा...” राजस म्हणाला. एकदाच.

तेव्हा प्रबोधने हॉलकडे पाहिलं.

जेवणाच्या टेबलाशी काका बसले होते.

पांढरा सदरा. अनवाणी पाय. गळ्याला रुमाल नव्हता, त्या जागी जाड काळे टाके होते. त्यांचा उजवा हात वर जाई... धवलचा हात वर जाई. खाली येई... तसाच खाली येई. आणि काका प्रबोधकडे बघत होते. तसेच. कृतज्ञ.

 प्रबोध मला म्हणाला, “सर, मी काय बोललो माहितेय? मी म्हणालो, काका, बसा. पाणी देऊ?” भाऊ मरतोय आणि हा पाणी विचारतोय! चेष्टा करू नका. भीतीने माणूस फक्त सवयीचंच बोलतो.

हात वर गेला.

“काका, माफ करा. आम्ही ते नाही. आम्ही ते तिघं नाही हो...”

हात खाली आला. राजसचा गळा उघडला. रक्त फ्रिजच्या दारापर्यंत उडालं.

निरोप द्यायचा. त्यानेच द्यायचा. कसा देतात पाहुण्याला निरोप? आपल्याकडे? दारापर्यंत जायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं...

“या.”

तोच शब्द ओठांवर आला होता त्याच्या. ‘बरं काका, या आता.’ तीस वर्षं तेच म्हणत आलेला माणूस. त्याने स्वतःची जीभ चावली. खरोखर चावली, रक्त आलं. हात परत वर जात होता. आईने विमानतळावर दिलेला तो हात फरशीवर निपचित पडला होता...

आणि प्रबोध ओरडला. “जा!”

काकांचा हात थांबला.

“जा! चालता हो! परत येऊ नकोस! जा इथून, भडव्या, जा!”

वडीलधाऱ्या माणसाला. घरी आलेल्या पाहुण्याला. सातव्या मजल्यावरचे दिवे पटापटा लागले.

काकांचं तोंड पडलं. प्रबोध म्हणतो, त्यांना वाईट वाटलं. ते उठले. राजसपाशी आले... वाकले. पुढचं प्रबोधला दिसलं नाही, कारण धवल त्याच्या अंगावर कोसळला आणि त्याच्याखाली हा. किती वेळ? एक मिनिट, दोन मिनिटं. धवलला ढकलून तो उठला तेव्हा खुर्ची रिकामी होती. त्याने राजसच्या गळ्यावर टॉवेल दाबला आणि शेजारणीने ॲम्ब्युलन्स बोलावली. ती नऊ मिनिटांत आली. गाडीत बसेपर्यंत त्याने टॉवेलवरचा हात उचलला नाही.

धवल अजून आत आहे. त्याला शेवयांची आठवण आहे, त्या रात्रीची नाही. वकिलाने जिवाचं रान केलं. पण चॉपरवर ठसे त्याचेच, आणि दुसरं कुणी आल्याचं कॅमेऱ्यात दिसत नाही. गेट आपोआप उघडताना दिसतं. पोलीस म्हणाले, कडी नीट लागली नसेल.

मी पहाटे साडेचारला हॉस्पिटलमध्ये पोचलो. प्रबोध बाकावर बसला होता, हाताला हे एवढं बँडेज. माझ्याकडे बघून म्हणाला, “सर, आईला काय सांगू?”  मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

मग डॉक्टर बाहेर आली. तरुण मुलगी, दमलेली. म्हणाली, “तुमचा भाऊ वाचेल.” प्रबोधने तिचे पायच धरले. ती मागे सरकली. पण गेली नाही. घुटमळली. म्हणाली, “एक विचारायचं होतं. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी घरी कोण होतं? नर्स? डॉक्टर?”

प्रबोध म्हणाला, “कुणी नाही.”

ती म्हणाली, “टॉवेल काढला तर खाली गळा शिवलेला होता. म्हणून तर तो वाचला.”

तिने आम्हाला आत नेलं. मी पाहिलं. या डोळ्यांनी. या कानापासून त्या कानापर्यंत अकरा टाके, जाड काळ्या दोऱ्याचे, एकेक बोटभर लांब. डॉक्टर हळूच म्हणाली, असे टाके जिवंत माणसाला कुणी घालत नाही, शवागारात घालतात. मग तिने चिमट्याने दोऱ्याचं टोक उचलून दाखवलं.

ते कात्रीने कापलेलं नव्हतं. दातांनी तोडलेलं होतं.