काळजाचा घोळ

काळीज ठणठणीत, मग विश्रामआजोबांना धाप का लागते? शाल्मलीला हे कोडं काही सुटेना.

आजोबा निवृत्त अंतराळशास्त्रज्ञ. रविवारी त्यांच्या जुन्या शाळासोबत्यांचा आट्यापाट्यांचा सामना होता. पुढच्या महिन्यात त्या मैदानावर उडत्या मोटारींचा तळ होणार होता, म्हणजे हा शेवटचाच सामना. पण सरावात दोन पाट्या ओलांडताच आजोबा मटकन खाली बसले. आईने हुकूम काढला, "धडक हो म्हणाला तरच खेळायचं, बाबा!"

धडक म्हणजे घरचा वैद्य यंत्रमानव. शाल्मलीने त्याला आजोबांचं काळीज तपासायला सांगितलं, तर म्हणाला, "उत्तम. चरबी नाही."

"धडधड नीट ऐकलीस ना?"

"काळीज धडधडत नाही. ते पित्त तयार करतं."

"अरे शहाण्या, तू यकृत तपासलंस!" आजोबा म्हणाले.

"मटणाच्या दुकानात त्यालाच काळीज म्हणतात," धडक शांतपणे म्हणाला. "तुमचं धडधडणारं काळीज फक्त गाण्यात असतं. तपासायचं तर हृदय म्हणा."

मग त्याने हवेत आजोबांच्या हृदयाचं चित्र उभं केलं. "ही महाधमनी (हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी). तरुणपणी ती दर ठोक्याला फुगते आणि परत आकसते."

"माझ्या खेळाच्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखी," आजोबा हळवे झाले. "निळी होती गं. तुझ्या आजीला मुळीच आवडायची नाही."

"वयाने ते इलॅस्टिक ताठर होतं. मग रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यामुळे डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. जाड भिंत सैल पडायला वेळ घेते, म्हणून कप्पा सावकाश भरतो."

"आणि एकदम पळालं, की भरायला सवडच मिळत नाही!" शाल्मली ओरडली. "म्हणून धाप!"

"बरोबर. बाकी तपासण्याही केल्या. आजार नाही, वय आहे. खेळा, पण आधी अंग गरम करा आणि दम लागला की थांबा. रोज चाललात तर इलॅस्टिक आणखी टिकेल."

आईने धडककडे रागाने पाहिलं, पण शब्द दिला होता.

रविवारी आजोबा पाटी अडवून उभे राहिले. समोरून त्यांचे शाळासोबती गजाभाऊ हुलकावणी द्यायला आले, आणि दोघंही गुडघ्यांवर हात टेकून थांबले.

"थांब रे गजा, कप्पा भरू दे."

"भर सावकाश. माझाही भरतोय."

अख्खं मैदान थांबलं. मग गजाभाऊंनी डोळा मारला, आणि दोन म्हातारी पोरं पुन्हा एकमेकांवर झेपावली.