दोघांचं टेबल

लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर नीरजाताईंचं सहलींच्या बुकिंगचं ऑफिस आहे. दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर, भिंतीवर पांढऱ्या जहाजाचं भलंमोठं चित्र आणि खालून दिवसभर वर येणारा गुळाच्या पाकाचा वास. परंदवडीची सारिका बेगडेवाडीहून लोकलने तिथे गेली तेव्हा शाळेची पिशवीसुद्धा तिच्या खांद्यावरच होती. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. मुलांना एक गणित तीन वेळा तपासायला लावणारी बाई, तेव्हा जहाजाचं बुकिंगही ती तशीच करणार हे उघड होतं.

नीरजाताईंनी न कंटाळता सगळं सांगितलं. मुंबईहून निघायचं, गोवा, मग लक्षद्वीप, पाचव्या दिवशी परत. भाडं माणशी, पण एका खोलीत दोघं धरून. तिसरं माणूस आलं तर त्याला कमी पडतं. बंदराचे पैसे, कर आणि नोकरमाणसांची बक्षिशी हे सगळं वर. मोठ्या डायनिंग हॉलमधलं आणि बुफेचं खाणं भाड्यातच येतं, वेगळ्या रेस्टॉरंटात बसायचं तर वेगळे मोजायचे.

"बाल्कनीची खोली जरा महाग जाते हं."

"बाल्कनीचीच द्या," सारिका म्हणाली. दोन वर्षं ती त्यासाठी भिशी लावत होती.

"रात्रीचं जेवण सातला की नऊला?"

"सातला."

"आणि टेबल? आठजणांचं मोठं असतं, ओळखी होतात..."

"दोघांचं," सारिका इतक्या घाईने म्हणाली की नीरजाताईंना हसू आलं. "खिडकीजवळचं."

या घाईला कारण होतं. सारिका ही संदेशची दुसरी बायको. पहिली राजेश्वरी. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी आठ दिवसांच्या तापाने गेली. वर्षाने सारिका त्या घरात आली आणि हळद उतरायच्या आत सासूबाईंनी, मुक्ताबाईंनी, तिच्या गळ्यात चांदीचा एक टाक अडकवला. नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. घरी दुसरेपणाची बायको आली की पहिलीचा टाक तिच्या गळ्यात घालायचा, ही त्यांच्याकडची रीत. नवं लुगडं आलं, आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. दिवाळीचा पहिला अनारसा आधी टाकाला दाखवायचा. "तिला दाव आन् मग घे," एवढंच मुक्ताबाई म्हणायच्या, तेही मायेनेच.

सारिकाने अकरा वर्षं ते बिनतक्रार केलं. राजेश्वरीचा तिला राग नव्हता. भिंतीवरच्या फोटोचा राग काय करायचा? पण अकरा वर्षांत एकही गोष्ट तिच्या हातात पहिल्यांदा अशी आली नव्हती. साड्या, बांगड्या, पोटच्या समर्थच्या बारशाचं पेढ्याचं ताटसुद्धा. नवरा तर मुळातच आधी दुसरीचा. आता एकदा, चार रात्री, तिला कुणाच्या मागून नको होतं. म्हणून तिने बुकिंगचा कागद टाकाला दाखवला नाही. पाठाच्या टाचणवहीत घालून ठेवला. त्या घरात असा चोरटेपणा तिने पहिल्यांदाच केला आणि तिला त्यात मजा वाटली, हेही खरं.

चार दिवसांनी फोनवर जहाजवाल्यांची मेल आली. बाल्कनीची खोली. सातचं जेवण. खिडकीजवळचं टेबल. प्रवासी तीन.

सारिकाने मधल्या सुट्टीत नीरजाताईंना फोन लावला.

"अरेच्चा, मी तर दोनच भरले होते," नीरजाताई म्हणाल्या. "सिस्टिमचा घोळ असणार. करते दुरुस्त."

दुरुस्तही झालं. दुपारी दुसरी मेल आली, प्रवासी दोन. सारिकाने ती तीन वेळा वाचली. मग वहीतला कागद काढून पुन्हा एकदा वाचला आणि पुन्हा घडी घातली. उरलेला वेळ तिला वर्गात बसवेना. मुलांना लिहायला लावून ती खिडकी ते फळा, फळा ते खिडकी अशा येरझाऱ्या घालत राहिली.

पुढच्या आठवड्यात खाण्याच्या आवडीनिवडीचा फॉर्म आला. अर्धा आधीच भरलेला होता. संदेशच्या नावापुढे काही नव्हतं. सारिकाच्या नावापुढे लिहिलं होतं: वांगं चालत नाही.

सारिकाला वांगं अतोनात आवडायचं. सासरी आल्यापासून भरल्या वांग्यांवरूनच तर तिचं नाव झालं होतं.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, आपल्या घरात वांगं कुणाला चालत नव्हतं का हो?"

मुक्ताबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"राजीला. खाल्लं की आंगभर गांध्या उठायच्या. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग आज कसं काय निघालं?"

तव्यावरची भाकरी करपली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती थेट लोणावळ्याला गेली. नीरजाताईंनी वही उघडून दाखवली. बाई मोठी शिस्तीची, प्रत्येक फोन तारीख-वेळेसकट लिहून ठेवायची.

"हे बघा, गुरुवारी अकरा वाजता. तुमच्याच नंबरवरून. तुम्हीच म्हणालात, वांग्याचं तेवढं त्यांना कळवा."

"गुरुवारी अकराला मी वर्गात होते. फोन कपाटात होता."

"आवाज तर तुमचाच होता." नीरजाताईंनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे, जरा हळू बोलत होतात. घरात कुणी आजारी असलं की बोलतो ना आपण, तसं. मी विचारलंसुद्धा, बरं नाहीये का? तर म्हणालात, आता बरं आहे."

सारिकाने स्वतःच्या फोनमध्ये पाहिलं. गुरुवारी अकरा वाजता कुठलाच फोन गेलेला नव्हता. खाली कुणीतरी पाकात दाणे ओतले, त्याचा चर्र आवाज वरपर्यंत आला आणि ती दचकली.

तिने आपल्यासमोर सगळं पुन्हा भरून घेतलं. प्रवासी दोन. संदेश, सारिका. खाण्याला कसलीही मनाई नाही. यापुढे फोनवर कोणताही बदल करायचा नाही, मी स्वतः येऊन सही केली तरच, असंही तिने लिहून घेतलं. नीरजाताईंना ते जरा लागलं, पण त्यांनी लिहून दिलं.

घरी आल्यावर तिने संदेशला सांगितलं. तो तळेगावच्या कंपनीतून पहिली पाळी करून आला होता आणि ओट्यावर पाय सोडून चहा पीत होता.

"कुणीतरी माझ्या नावाने फोन करतंय."

"आगं, कंपन्यांचं काय खरं न्हाई. एकाचा डेटा दुसऱ्याला चिकटतो. आमच्याकडंबी लय वेळा हुतं."

"आणि वांगं?"

त्याने कप खाली ठेवला.

"वांग्याचं काय," तो म्हणाला. "लय जणांना चालत न्हाई वांगं."

तो राजेश्वरीचं नाव घेणार नाही, हे सारिकाला ठाऊक होतं. अकरा वर्षांत त्याने ते घेतलं नव्हतं. पूर्वी तिला हे चांगलं लक्षण वाटायचं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, माणूस ज्याला जपतो त्याचंच नाव असं आत ठेवतो. तिला फार वाईट वाटलं, आणि मग संताप आला.

त्या संतापातच तिने ठरवलं. दिवाळीची सुट्टी लागली, निघायचा दिवस उजाडला, तेव्हा न्हाऊन आल्यावर तिने गळ्यातल्या पोतीतून टाक सोडवला आणि देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवला. प्रवासासाठी घेतलेली निळी साडी कोरीच नेसली. मागे वळली तर मुक्ताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तिच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं.

"तितं ठिवलास व्हय?"

"पाण्याचा प्रवास आहे आई. हरवायला नको."

"ऱ्हाऊ दे. तुझी मर्जी." त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच सारिकाला जड गेलं. "पर बाई, तो टाक तिच्यासाठी नसतो घालत. तुझ्यासाठी घालत्यात. कोण कुटली हे ध्यानात ऱ्हावं म्हणून."

"कुणाच्या ध्यानात?"

मुक्ताबाई दही आणायला आत गेल्या.

अकराच्या सुमाराला गाडी अंगणात काढली. मुक्ताबाईंनी संदेशच्या हातावर दहीसाखर ठेवली. सारिकाने हात पुढे केला, पण तोवर त्या वाटी घेऊन आत वळल्या होत्या. समर्थ धावत फाटकापर्यंत आला. "टाटा, पप्पा!" एवढंच ओरडला. त्याला बरोबर न्यायचं नाही म्हणून तो दोन दिवस फुगून बसला होता, तेव्हा सारिकाने ते मनावर घेतलं नाही. तिने काच खाली करून हात हलवला. पोरगं गाडीकडेच बघत होतं.

जुन्या हायवेने निघाले, कारण लोणावळ्याला उतरून नीरजाताईंकडून बॅगांना लावायच्या चिठ्ठ्या घ्यायच्या होत्या. ऊन स्वच्छ होतं. वडगाव मागे पडलं. भात कापून खाचरं मोकळी झाली होती. संदेश गुणगुणत होता. सारिकाने बऱ्याच दिवसांत त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, आणि आपलं चुकलं नाही असं तिला वाटायला लागलं. गळा हलका लागत होता. ती खाण्याच्या बेतांविषयी बोलू लागली. पहिल्या रात्री मासे, दुसऱ्या रात्री छान नटून जायचं, सकाळी बाल्कनीतच चहा मागवायचा. तो रस्त्याकडे बघून हसत होता.

कामशेतला फोन थरथरला. जहाजवाल्यांचा मेसेज होता.

"सारिका, जहाजावर आपलं स्वागत आहे. आगमनाची नोंद: सकाळी ११.४०."

तिने घड्याळ पाहिलं. अकरा बेचाळीस.

"अहो, हे बघा काय आलंय."

संदेशने गियर बदलला.

"अहो."

समोर ट्रक होता. तो ओलांडण्यात त्याचं सगळं लक्ष होतं. ट्रक मागे पडल्यावरही त्याने काय म्हणून विचारलं नाही.

तिने नीरजाताईंना फोन लावला. दोन वेळा लावला. दोन्ही वेळा नंबर व्यस्त लागला.

लोणावळ्यात गाडी रस्त्याच्या कडेला लागली. संदेश उतरला. नीरजाताई खालीच दुकानाच्या फळीपाशी फोनवर बोलत उभ्या होत्या. त्याला पाहून त्यांनी फोन ठेवला. सारिकाने काच खाली केली.

"सारिका मॅडमचाच फोन होता," नीरजाताई म्हणाल्या. "इतक्या खुशीत आहेत! म्हणाल्या, समुद्र बघून थकवा पळाला. त्या पुढे गेल्या ते बरं झालं, टेबलही बघून ठेवलंय त्यांनी. तुमची एवढी चिठ्ठी राहिलीय."

"ताई," सारिका म्हणाली, "मी इथे आहे."

नीरजाताईंची नजर गाडीवरून फिरली आणि रस्त्यापलीकडे गेली.

संदेशने एकच चिठ्ठी खिशात घातली.

"अहो!"

रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने तिच्या खिडकीशी वाकून बाहेरच्या आरशात आपली टोपी नीट केली आणि तो पुढे गेला.

संदेश गाडीत बसला. त्याचा फोन वाजला. पडद्यावर सारिकाचं नाव आलं, समर्थच्या वाढदिवसाला काढलेल्या तिच्या फोटोसकट. सारिकाच्या हातातला तिचा फोन काळाठिक्कर पडला होता.

"हां, बोल," संदेश म्हणाला. "पोचलीस ना नीट? आगं आता घाटाला लागतोय. जेवून घे, माझ्यासाठी थांबू नगंस." मग तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा सैलावला, अकरा वर्षांत सारिकाने पाहिला नव्हता इतका. "न्हाई गं," तो हळूच म्हणाला. "विसरतो का मी?"

त्याने गाडी सुरू केली.

सारिकाने दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला. त्याने आरशात मागचा रस्ता पाहिला आणि गाडी मुंबईच्या अंगाला घेतली.

तिच्या सीटचा पट्टा तसाच सुटा लोंबत होता. शेजारच्या सीटवर माणूस पट्ट्याशिवाय बसलं की ही गाडी टुणटुण करून हैराण करायची. बाजाराची पिशवी ठेवली तरी वाजायची, इतकी तापट.

खंडाळा मागे पडला. घाटाची पहिली वळणं सुरू झाली.

सारिका कान देऊन बसली होती. काहीच वाजलं नाही.